पालकांशी बोलायचं कसं? मुंबईतल्या बालवाडी-अंगणवाडी ताईंसाठी प्रशिक्षणाची आखणी

बालवाडी किंवा अंगणवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक काढून बघा. गाणी, गोष्टी, खेळाचे कोपरे, वजन-उंची, ॲप भरणं, सगळ्याला तास असतात. ‘पालक सहभाग’ मात्र शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, सगळ्या पेंगत असताना पाऊण तासात उरकलेला असतो. त्या पाऊण तासात सांगतात काय, तर पालकांना महत्त्व पटवून द्या. बारा तासांची ड्युटी करून आलेल्या माणसाला ते कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत पटवायचं, हे कुणी करून दाखवत नाही. ताई केंद्रावर परततात आणि दारात पूर्वीचंच सांगत राहतात: नखं कापा, रुमाल द्या, रोज पाठवा.

पालकांशी बोलणं गाण्यासारखंच तोंडाने म्हणून म्हणून येतं, भाषण ऐकून येत नाही. पुढची आखणी त्या सरावाची आहे. पर्यवेक्षिका, संस्थांचे समन्वयक, स्वतःचा प्लेग्रुप चालवणाऱ्या बाया, कुणालाही ती वापरता येईल. उदाहरणं मुंबईच्या वस्त्यांतली आहेत, कारण जागा, वेळ आणि भाषा या तिन्हींची अडचण इथे आपल्या परीची आहे.

यात नवं काही नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं तेव्हाच मुलांच्या घरापर्यंत, वस्तीपर्यंत जाणं हा त्या कामाचा भाग होता. १९७५ ला अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तिच्या सहा सेवांमध्ये बायकांसाठी आरोग्य आणि पोषणाचं शिक्षण आहे. अडचण झाली ती इथेच. ‘शिक्षण’ म्हटलं की एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची, अशी बैठक ठरून जाते. आता केंद्र सरकारचा ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा ‘नवचेतना’ आराखडा घरभेटीत आईबापांना खेळ दाखवा असं सांगतो. खेळ दाखवण्याआधी त्यांच्याशी दोन वाक्यं धड बोलता यायला हवीत.

आधी दारात उभं राहून बघा

प्रशिक्षण आखण्यापूर्वी तीन-चार केंद्रांवर मुलं येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेला जा. वही काढू नका, नुसतं बघा. आधी कोण बोललं? ताईचं बोलणं सूचनेत संपलं की प्रश्नात? घरी जाताना पालकाला आपल्या मुलाबद्दल एक तरी नवी गोष्ट कळली का?

आणखी एक गोष्ट दिसेल. पुष्कळ केंद्रांवर मुलाला न्यायला आईबाप येतच नाहीत. दुसरी-तिसरीतली बहीण येते, शेजारीण येते, आजी येते. म्हणजे निरोप त्या बहिणीच्या तोंडून घरी जाणार. ‘मम्मीला सांग, उद्या भेटायला बोलावलंय’ हा निरोप घरी पोहोचेपर्यंत ‘टीचर रागावल्या’ असा होतो. निरोप कसा द्यायचा, हाही सरावाचा विषय आहे. मोठ्या बहिणीकडे फक्त चांगला निरोप द्यावा, गंभीर कधीच नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

कुणाला बोलवायचं, किती वेळ

मदतनीस ताईंना वगळू नका. त्या बहुतेक त्याच वस्तीतल्या असतात, नळावर आणि रेशनच्या रांगेत पालक त्यांच्याशीच बोलतात. केंद्रात काय चालतं याची वस्तीतली खबर त्यांच्याकडूनच जाते. सेविका शिकली आणि मदतनीस तशीच राहिली, तर पालकांना एकाच दारात दोन सूर ऐकू येतात.

एका तुकडीत वीस-बावीस जणी पुरे. पंचवीसच्या वर गेलात की भूमिका करून बघणं मागे पडतं आणि भाषण सुरू होतं. सलग दोन दिवस घेण्यापेक्षा चार अर्धे दिवस घ्या, मध्ये दोन-दोन आठवडे सोडा. त्या मधल्या दिवसांतच खरं शिकणं होतं, कारण प्रत्येक वेळी एक छोटं काम घेऊन त्या केंद्रावर जातात. अंगणवाडीसाठी बीटची (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांची) मासिक बैठक यासाठी वापरता येते. निम्मा वेळ अहवालाला, निम्मा याला. जागा जवळची निवडा. मानखुर्दच्या ताईंना वांद्र्याला बोलावलंत तर सकाळ हार्बर लाइनमध्येच जाईल.

उशिरा आलेल्या ताईला तुम्ही कसं बोलता, याकडे सगळ्या जणी बघत असतात. ‘आलात का एकदाच्या’ म्हणालात, तर उद्या तेच वाक्य एखाद्या आईला ऐकवलं जाईल. वह्या तपासणाऱ्या साहेबांच्या थाटात राहून ‘पालकांशी आपुलकीने बोला’ शिकवता येत नाही.

पहिला अर्धा दिवस: पालकाचं घड्याळ

चार-चार जणींचे गट करा. प्रत्येक गटाला एक घर द्या. गोवंडीतली चार घरची कामं करणारी आई. रात्रपाळीचा वॉचमन बाप. घरी बसून डझनाच्या हिशोबाने इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणारी भाभी. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जाणारी कोळीण. मोठ्या कागदावर चोवीस तासांचं घड्याळ काढायचं आणि त्यांचा दिवस भरायचा: पाणी कधी येतं, लोकल कुठली, झोप किती, मूल कुणाजवळ. मग लाल पेनाने शोधायचं, या दिवसात दहा मोकळी मिनिटं कुठे आहेत? सभेची नेहमीची दुपारी बाराची वेळ बहुतेक घड्याळांत बसत नाही, हे ताईंना स्वतःच दिसतं. सांगावं लागत नाही.

त्यानंतर फळ्यावर ताईंची रोजची वाक्यं लिहून घ्या. ‘लक्षच देत नाहीत.’ ‘फुकटचं आहे म्हणून किंमत नाही.’ ‘खाऊ घ्यायला बरोबर येतात.’ ही वाक्यं येऊ द्या, रागावू नका. मग एकेका वाक्याला विचारा, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं? ‘तीन दिवस मूल आलं नाही’ हे पाहिलेलं. ‘लक्ष देत नाहीत’ हा त्यावर दिलेला निकाल. पाहिलेल्या गोष्टीची तीन वेगवेगळी कारणं काढायची आणि खरं कारण कळेल असा एक प्रश्न तयार करायचा.

याच दिवशी शेवटी विचारा: तुमच्या स्वतःच्या मुलाच्या शाळेत पालकसभेला शेवटचं कधी गेलात? तिथे कसं वाटलं? कुणी कामावरून सुट्टी मिळाली नाही म्हणेल, कुणी सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवले म्हणेल. ‘लक्षच देत नाहीत’ हे वाक्य त्यानंतर खोलीत फारसं ऐकू येत नाही.

घरी नेण्याचं काम: पुढचे दोन आठवडे रोज एका पालकाला मुलाची आज पाहिलेली एक गोष्ट सांगायची. फक्त सांगायची, मागायचं काही नाही.

दुसरा: दारातलं एक मिनिट

तिघी-तिघींत सराव. एक पालक, एक ताई, एक निरीक्षक. क्रम असा: पहिलं वाक्य मुलाबद्दल, आज पाहिलेलं. दुसरं वाक्य प्रश्नाचं, ज्याचं उत्तर हो-नाही मध्ये संपत नाही. विनंती असेल तर शेवटी, आणि एकच.

‘आरव आज ठोकळ्यांतले लाल-निळे वेगळे करत बसला होता, मान वर केली नाही. घरी काय खेळतो?’

‘घरी? घरी मोबाइल.’

इथे दहातल्या नऊ जणी झडप घालतात: मोबाइल देऊ नका हो, डोळे खराब होतात. हीच जागा थांबवून पुन्हा करायला लावा. ‘जास्त कधी लागतो त्याला मोबाइल?’ एवढंच विचारायचं. मग ताईने केलेल्या आईच्या भूमिकेतून खरं उत्तर येतं: संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला. दहा बाय बाराची खोली, शेगडी खाली, मूल जवळ आलं तर भाजेल. मोबाइल त्या बाईसाठी मुलाला शेगडीपासून लांब ठेवणारा माणूस आहे. हे कळल्यावर सल्ला बदलतो. दाराजवळ एक जागा ठरवा, तिथे लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला द्या, डब्यांना झाकणं लावायला द्या. मोबाइल पूर्ण सुटणार नाही, पण रोजची पंधरा मिनिटं सुटतील. ती पंधरा मिनिटं हे यश धरा.

निरीक्षक ताईने एवढंच मोजायचं: कोण जास्त बोललं, आणि पालकाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं का. जोड्या बदलून तीनदा करा. पहिल्या फेरीत हसाहशी होते, होऊ द्या.

भाषेचा मुद्दा इथेच घ्या. एका वर्गात भोजपुरी, उर्दू, तेलुगू, कन्नड, गुजराती, कोकणी घरची मुलं असतात. ताईला सगळ्या भाषा येणार नाहीत, पण प्रत्येक भाषेतले ‘ये, बस, पाणी, दुखतंय, शाब्बास’ एवढे शब्द पालकांकडूनच मागून घेता येतात. मागण्यातच अर्धं नातं जुळतं. आणि पालकांना ठामपणे सांगायचं की घरी आपल्याच भाषेत भरपूर बोला. ‘इंग्लिश मीडियमला घालायचंय म्हणून घरी मराठी बंद’ असं करणारी घरं दादर-परळच्या चाळींतही आहेत. घरच्या भाषेत शब्द भरपूर असले की दुसरी भाषा त्यावर चढते.

‘टीचर, लिखना कब सिखाओगे?’

सगळ्यात जास्त सराव लागतो तो या प्रश्नाचा. तुमच्या प्रशिक्षणात फक्त एकाच प्रसंगाला वेळ असेल, तर याला द्या.

आधी पालकाची बाजू मांडा. शेजारचं ज्युनियर केजीतलं पोर एबीसीडी लिहितं. त्याच्या आईने फी भरली आहे आणि वहीत दाखवण्यासारखं काहीतरी आहे. आपलं मूल चार महिने येतंय आणि ‘नुसतं खेळतंय’. पहिलीच्या दारात अडलं तर? ही भीती खोटी नाही. ‘तुम्हाला कळत नाही, खेळातूनच शिकतात’ असं म्हणणारी ताई त्या आईला गल्लीतल्या ट्यूशनकडे ढकलते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि खेळावर भर दिला आहे, हे ताईला पक्कं माहीत हवं. दारात मात्र धोरणाचं नाव घेऊ नये. आईला त्याने धीर येत नाही.

धीर येतो तो बघितल्याने. ताईंना प्रशिक्षणातच डाव्या हाताने (डावखुऱ्यांना उजव्या) स्वतःचं नाव लिहायला लावा. अक्षरं वाकडी येतात, मनगट दुखतं, पेन घट्ट धरलं जातं. हात तयार नसताना लिहायला लावलं की असं होतं. तोच प्रयोग पालकांसोबत करायचा. मग कणकेचे गोळे, कागद फाडणं, मणी ओवणं, चिमटीने चणे उचलणं दाखवायचं आणि बोट ठेवून सांगायचं: पेन्सिल धरणारी बोटं हीच, ती इथे तयार होतात.

दुसरं हत्यार म्हणजे मुलाची चित्रांची फाइल. जूनमधल्या रेघोट्या, ऑगस्टमधला गोल, दिवाळीनंतरचा हात-पाय फुटलेला माणूस. तारखा घातलेले तीन कागद शेजारी ठेवले की फार बोलावं लागत नाही. त्यासाठी कागदावर तारीख घालायची सवय ताईला हवी, आणि तिचा सराव आजच सुरू करा.

तिसरं, स्पष्ट उत्तर. ‘वर्षाअखेर हा काय करू शकेल?’ या प्रश्नाला उत्तर तयार हवं: स्वतःचं नाव ओळखेल, गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगेल, दहापर्यंत वस्तू मोजून देईल, न रडता दोन तास मुलांत बसेल. आपल्या वर्गाला लागू पडतील अशी चार वाक्यं प्रत्येकीने लिहून पाठ करावीत. गोलगोल उत्तराने पालक हातचा जातो.

तिसरा: अवघड गोष्ट सांगणं

वजन घटलंय, बोलणं उशिरा येतंय, हाक मारली तरी वळत नाही, मारल्याचा वळ दिसतोय. या प्रसंगांत ताईंची गाडी दोन टोकांना जाते. एक तर गप्प बसतात, नाहीतर चारचौघांत बोलून मोकळ्या होतात.

वजनापासून सुरू करा. वाढीचा तक्ता ताई भरते, पण पालकाच्या हातात क्वचितच देते. मागच्या तीन महिन्यांचे ठिपके दाखवा आणि विचारा, ‘रेघ कुठे चाललीय असं वाटतंय?’ पालकाने स्वतः ‘खाली’ म्हटलं की पुढचं बोलणं सोपं. ‘काय खायला घालता’ यापेक्षा ‘काल सकाळपासून काय-काय खाल्लं’ हा प्रश्न बरा, कारण त्यात चहा-खारी आणि पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट लपत नाही. नुसत्या बोलण्यावर भागत नाही अशी वेळ कुठली, तेही ताईला ठाऊक हवं: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर समुपदेशन नंतर, दवाखाना आधी.

विकासाच्या शंकेसाठी क्रम वेगळा. एकांत शोधा. मूल जे करतं त्यापासून सुरुवात. मग पाहिलेलं सांगा: ‘मागून हाक मारली की वळत नाही, समोरून हात केला की येतो.’ विचारा: ‘घरी तुम्हाला काही जाणवतं का?’ आयांना बहुतेकदा आधीच जाणवलेलं असतं, फक्त बोलायची चोरी असते. आजाराचं नाव ताईने घ्यायचं नाही, तो डॉक्टरचा अधिकार. ‘होईल ठीक, माझा भाऊपण उशिरा बोलला’ हेही म्हणायचं नाही. पुढचं पाऊल नेमकं हवं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक कधी येणार, नाहीतर महापालिकेच्या रुग्णालयाची बालरोग ओपीडी कुठल्या वारी. ऐकण्याची शंका असेल तर वांद्रे रेक्लेमेशनची अली यावर जंग संस्था. पहिल्या खेपेला सोबत जायला मदतनीस किंवा आशा ताई मिळते का बघा. केसपेपरच्या रांगेतून परत आलेली कुटुंबं थोडी नाहीत.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मात्र संवाद कौशल्याचा प्रश्न उरत नाही. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही, पालकांना ‘आपसात मिटवा’ म्हणायचं नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, तो भिंतीवर हवा. हे शिकवताना भूमिका करून बघू नका. गटातल्या कुणाच्या आयुष्यात तो प्रसंग घडलेला असू शकतो.

घरभेट

आधी वेळ विचारून जा. अर्ध्या तासाच्या आत उठा. चप्पल बाहेर, घरभर नजर फिरवायची नाही, शेजारणीला ‘काय, सहज आले’ एवढंच. चहा पुढे आला तर घ्या. फॉर्म भरायचा असेल तर आधी सांगून भरा. न सांगता लिहायला लागलात की झोपडपट्टीत सर्वेक्षणाची, पाडापाडीची भीती डोकं वर काढते. खेळ दाखवायचा तो घरातल्याच वस्तूंनी, आणि पाच मिनिटांत तो आईच्या किंवा आजोबांच्या हातात द्यायचा. ताईच खेळत बसली तर भेट वाया गेली.

चौथा: सभा आणि व्हॉट्सॲप

सभा रविवारी सकाळी किंवा रात्री आठनंतर, पाण्याची वेळ सांभाळून, चाळीस मिनिटांची. पाहुणे, नारळ, प्रास्ताविक सगळं काढून टाका. पहिली पंधरा मिनिटं पालकांनी मुलांचाच खेळ खेळायचा, मग दोघा-दोघांत बोलायचं, शेवटी ताईने एक गोष्ट सांगायची. बापांना ‘पालकांनी यावे’ म्हटलं की आयाच येतात. ‘आर्यनच्या पप्पांनी यावं, खेळणी दुरुस्त करायची आहेत’ असं नाव घेऊन बोलावलं की काही तरी येतात. स्क्रू ड्रायव्हर हातात असला की पुरुष बोलतातही जास्त. मे महिन्यात सभा ठेवूच नका, निम्मी वस्ती गावाला गेलेली असते. गणपतीच्या आठवड्यातही तेच.

ग्रुपचे नियम ताईंनी प्रशिक्षणातच लिहावेत. मुलाचा फोटो टाकण्याआधी परवानगी. वजन, गैरहजेरी, थकलेली फी ग्रुपवर कधीच नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी तीस सेकंदांचा आवाजी निरोप, शक्यतो हिंदीतही. रात्री नऊनंतर ताईचा फोन बंद असेल, हेही पालकांना सांगून ठेवायचं.

नंतर काय बघायचं

महिन्याभराने केंद्रांवर जा आणि पुन्हा दारातच उभं राहा. हजेरीच्या सह्या मोजू नका. पालक आपणहून काही विचारतात का? ताईला गेल्या पंधरा दिवसांत एखाद्या घराबद्दल नवं काही कळलं का? ज्या पालकाशी जमत नाही त्याच्याबद्दल ती आता काय बोलते? जे दिसलं त्यातली एक चांगली जागा नेमकी सांगा, एक बदलायची, आणि ती तिथल्या तिथे एकदा करून बघा. यासाठी नवं रजिस्टर काढू नका. ताईंकडे पोषण ट्रॅकरचं ॲप आहे, सर्वेक्षणं आहेत, बैठका आहेत; ‘पालक संवाद नोंदवही’ सुरू झाली की संवाद थांबतो आणि नोंदी सुरू होतात, खऱ्या-खोट्या. फार तर मुलाच्या फाइलच्या मागच्या पानावर दोन ओळी.

तुकडीतल्या दोघी-तिघी चांगल्या तयार झाल्या तर पुढच्या तुकडीत आईची भूमिका त्यांनाच द्या. तुमच्यापेक्षा त्या ती जास्त अवघड करून दाखवतील.